पानफुटीची कुंडी
(वाचनाकरिता : नीतिसूत्रे २५:१६)



बारामती व इंदापूर तालुक्यांत कोणाच्या अंगणात जुन्या डब्यात, तर कोणाच्या ओसरीवर कुंडीत पानफुटी लावलेली आढळते. तिची ओळख सोपी आहे. पान जाड, रसाळ व कडेने कातरलेले असते. ते ओलसर मातीवर पडले की कडेच्या खाचांतून लहान रोपे फुटतात, म्हणूनच तिला हे नाव पडले. हिवाळ्यात उंच दांड्यावर तांबूस, नळीसारखी फुले खाली लोंबतात. रोपवाटिकेत कलांचो या नावाने मिळणारे, लाल, पिवळ्या वा गुलाबी फुलांच्या दाट झुपक्यांचे बुटके झाड हे तिचेच भावंड होय. दोघांचेही मूळ स्थान मादागास्कर बेट.

ही झाडे पानांत पाणी साठवितात. पानांची सूक्ष्म छिद्रे ती बहुतेक रात्रीच उघडतात, त्यामुळे दिवसाच्या उन्हात फारसे पाणी उडून जात नाही. असे झाड आपल्या घरी मरते ते बहुधा अति पाण्याने. म्हणून कुंडीस तळाशी भोक असावे व मातीत वाळू किंवा बारीक मुरूम मिसळावा. बोट मातीत घालून पाहावे. ती पेरभर कोरडी लागली तरच पाणी द्यावे. सकाळचे ऊन हितकर, वैशाखातील दुपारचे टाळावे. कलांचोस कळ्या धरण्यासाठी सुमारे ६ आठवडे रोज १४ तास अंधार लागतो; त्या दिवसांत त्यास रात्री दिव्यापाशी ठेवू नये. शेळ्यागुरांस या झाडांनी विषबाधा होते. मुतखड्यावर औषध म्हणून पाने खाणाऱ्यानेही आधी डॉक्टरांस विचारावे.

जी गोष्ट कुंडीची, तीच शिवाराची. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा या भागात आला आणि दुष्काळी माळावर ऊस उभा राहिला. त्या दानाबद्दल देवाचे आभार मानावे तितके थोडेच. परंतु जेथे पाणी मापावाचून दिले गेले व निचऱ्यास चर नव्हते, तेथे काळ्या जमिनी चिबड झाल्या, वर मिठाची पांढरी फूट आली आणि पीक येईनासे झाले.

मध गोड असला तरी पुरेल इतकाच घ्यावा, हा शलमोनाचा बोध येथे लागू पडतो. उपदेशक बंधूंनो, दुःखात पडलेल्या घरी जाऊन आपण तासभर उपदेश ओततो. पण त्या घरी आज चूल पेटली काय, हे विचारीत नाही. आईबाप मुलास मागेल ते देतात. पण त्याच्या हातून शेजाऱ्यास काही देवविण्याची सवय लावीत नाहीत. मग मायेला निचरा राहत नाही व मन खारावते.

ज्याचे झाड सडले असेल त्याने निराश होऊ नये. एक निरोगी पान खुडून किंचित ओलसर वाळूवर ठेवावे. काही आठवड्यांत त्याच्या कडेस मुळे व कोंब दिसू लागतील. चिबड शेतास मात्र चर खणावे लागतात व वर्षानुवर्षे धीर धरावा लागतो. दुखावलेल्या मनाचेही तसेच आहे. या आठवड्यात आपण ज्या घरी जाल तेथे बोलण्यापूर्वी थोडे बसा, विचारा व ऐका. त्याकरिता प्रभू आपणांस सुबुद्धी देवो. आमेन.