मैत्रीच्या वर्तुळात आपण स्वतःही असतो का?



१४ ऑक्टोबरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन आपण साजरा करतो आणि अडीच आठवड्यांत अमेरिकेतल्या आपल्या गल्लीत मुले सोंगे घेऊन चॉकलेट गोळा करत फिरू लागतात. त्याच ३१ ऑक्टोबरला, १९९३ साली, लॉस एंजेलिसजवळच्या वेस्ट हॉलिवूडमध्ये एका नाइटक्लबबाहेरच्या फुटपाथवर एक तरुण अभिनेता कोसळला. त्याचे नाव रिव्हर फिनिक्स. वय अवघे २३. मदतीसाठी फोन करणारा होता त्याचा १९ वर्षांचा धाकटा भाऊ वाकीन, जो आज स्वतः नामवंत अभिनेता आहे. कोकेन आणि मॉर्फिन शरीरात भिनून मृत्यू झाला, असे तपासणीत निघाले.

हा मुलगा आजही आठवला जातो तो त्याच्या करुणेसाठी. मग प्रश्न पडतो: पाचवे शील ज्याच्याकडून इतके वाईट मोडले, त्याला करुणावान म्हणायचे का?

रिव्हरचा जन्म १९७० चा, ओरेगन राज्यातल्या मद्रास नावाच्या गावात. हेर्मान हेसे यांच्या ‘सिद्धार्थ’ या कादंबरीतल्या नदीवरून आईवडिलांनी त्याचे नाव ठेवले. लहानपणी व्हेनेझुएलाहून जहाजाने अमेरिकेत परतताना या भावंडांनी मासे आपटून मारले जाताना पाहिले. ‘हे आम्हाला आधी का सांगितले नाही?’ असे मुलांनी आईवडिलांना विचारले आणि सारे कुटुंब व्हीगन झाले. पुढे प्रसिद्धी मिळाल्यावर रिव्हर मुलाखतींतून प्राण्यांविषयी आणि जंगलांविषयी बोलत राहिला.

इथे तुमच्यापैकी काही जण सावध होतील, आणि ते बरोबर आहे. भारतात शाकाहाराचा उपयोग आपल्याला हीन ठरवण्यासाठी झाला. कोण काय खातो यावरून घर नाकारले गेले, पंगत वेगळी बसवली गेली. पण सोवळ्याचा शाकाहार आणि या मुलाचा आहार यांतला फरक ओळखू या. सोवळे म्हणते, ‘मी विटाळेन.’ रिव्हर म्हणत होता, ‘त्याला दुखते.’ एकाची नजर स्वतःच्या शुद्धतेवर, दुसऱ्याची समोरच्या जिवावर. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये करुणा आणि मैत्री यांत भेद केला आहे. करुणा माणसांपुरती, मैत्री त्यापुढे जाऊन सर्व प्राणिमात्रांना कवेत घेते. तुमच्या ताटात काय असावे हे मी सांगणार नाही. मैत्री कुठून सुरू होते, एवढेच पाहायचे आहे.

दुसरी गोष्ट त्याच्या पुरुषपणाची. १९८६ च्या ‘स्टँड बाय मी’ चित्रपटात तो ख्रिस नावाचा मुलगा झाला आहे. ख्रिसचे घराणे गावात बदनाम, म्हणून तोही चोरच असणार असे सगळे धरून चालतात. एका रात्री तो मित्रासमोर रडतो: मला कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी जायचे आहे. हा प्रसंग आपल्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणारे गाव आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिले आहे. १९९१ च्या ‘माय ओन प्रायव्हेट आयडाहो’मध्ये शेकोटीपाशी बसून मित्राला आपले प्रेम सांगणाऱ्या तरुणाचा प्रसंग तर रिव्हरने स्वतः नव्याने लिहिला. त्या काळी तरुण नायकाने असे हळवे होणे सोपे नव्हते.

‘मुलीसारखा रडतोस काय?’ हे वाक्य आपण किती मुलांना ऐकवले असेल? बाबासाहेबांनी रंगवलेला कुमार सिद्धार्थ आठवा. तो शिकारीला जात नाही. देवदत्ताच्या बाणाने घायाळ झालेला पक्षी उराशी धरतो. क्षत्रियाने लढावे असे माता गौतमी सांगते, तेव्हा माणसाने माणसाला मारणे हे कर्तव्य कसे, असे तो विचारतो. आणि हाच मृदू तरुण रोहिणीच्या पाण्यावरून युद्ध ठरल्यावर भर शाक्य संघात एकटा विरोधात उभा राहतो आणि देशत्याग पत्करतो. मृदुता आणि धैर्य एकाच माणसात नांदतात, हे याहून स्पष्ट कोणी सांगायचे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. माझे उत्तर असे: रिव्हरची करुणा खोटी नव्हती, अपुरी होती. माशाचे दुःख ज्याला दिसले, त्याच्या स्वतःच्या दुःखापर्यंत ती वेळेवर पोहोचली नाही. बुद्धघोषांचा ‘विसुद्धिमग्ग’ मैत्रीभावना आधी स्वतःपासून सुरू करायला सांगतो. हा स्वार्थ नव्हे. स्वतःला वगळून काढलेले वर्तुळ पूर्ण होत नाही.

शील हे न्यायाधीशाचे फर्मान नाही. ते शिक्षापद आहे, म्हणजे शिकत राहण्याचा संकल्प. मद्य आणि अमली पदार्थ टाळायचे ते प्रमाद घडतो म्हणून, सावधपण सुटते म्हणून. ज्याचे शील मोडले तो पुन्हा त्रिशरण-पंचशील घेऊ शकतो. मात्र त्यासाठी तो जिवंत असायला हवा.

म्हणून तुम्हाला एक विनंती. परदेशात आपल्या घरांतही दारू आणि इतर व्यसने आहेत. ‘समाजात नाव जाईल’ म्हणून आपण ती झाकतो, आणि नेमका तो मुलगा किंवा तो भाऊ विहारात यायचा थांबतो. पुढच्या वंदनेनंतर त्याची चौकशी करा. उपदेश नको; त्याच्याजवळ बसा, जेवलास का विचारा, आणि तो बोलू लागला तर ऐका. गरज असेल तर डॉक्टरकडे त्याच्यासोबत जा. आणि तो रडला, तर रडू द्या.

प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि दारू न पिण्याची, अशा दोन्ही प्रतिज्ञा बाबासाहेबांनी आपल्याला एकाच दिवशी दिल्या. त्या एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

जय भीम. नमो बुद्धाय.