कुत्र्याला पाप लागते का?



प्रथम कम्युनियनच्या वर्गात पाप म्हणजे काय हे आम्ही समजावून सांगत होतो. एका चिमुरडीने हात वर केला आणि विचारले, "फादर, मोती चावला ते पाप ना? मग तो नरकात जाणार का?" एरवी अशा प्रश्नावर वर्ग हसला असता. त्या दिवशी कोणीच हसले नाही, कारण मोती कोण आणि तो कोणाला चावला हे सर्वांना ठाऊक होते. "पुढच्या रविवारी सांगतो," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला आठ वर्षांच्या मुलीने निरुत्तर केले. तिला जे उत्तर द्यायचे, ते आज तुम्हा सर्वांपुढे ठेवीत आहोत.

घटना अशी. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याच एका वाडीतला मुलगा शेजारच्या अंगणात गेलेला चेंडू आणायला धावत गेला. मागच्या पडवीत साखळीला बांधलेला कुत्रा जेवत होता आणि चेंडू नेमका त्याच्या भांड्यापाशी घरंगळला होता. मुलाने हात घातला आणि कुत्र्याने तो हात धरला. मनगटावर खोल जखम झाली, इंजेक्शनांसाठी हेलपाटे पडले. देवाच्या कृपेने मुलगा आता बरा आहे. पण तीन पिढ्या एकमेकांच्या सुखदुःखात उभी राहिलेली ती दोन घरे आज बोलत नाहीत. मिस्सामध्ये शांतीचे चिन्ह देण्याची वेळ आली की एक कुटुंब डावीकडे वळते, दुसरे उजवीकडे. मुलाचे वडील म्हणतात, "कुत्र्याला मारून टाका." कुत्र्याचा मालक म्हणतो, "पोर आमच्या अंगणात आलंच कशाला?" आणि दोघेही विचारतात, "फादर, तुम्हीच सांगा, चूक कोणाची?" दोन्ही घरांना विचारूनच आम्ही हे लिहीत आहोत.

प्रथम मुलीच्या प्रश्नाकडे वळू. संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण अशी की, पाप घडण्यासाठी दोन गोष्टी हव्यात. आपण काय करतो आहोत हे कळले पाहिजे, आणि ते करावे की करू नये हे ठरविण्याचे स्वातंत्र्य हवे. पशूंनाही एक प्रकारचे आकलन असते, हे संत थॉमस मान्य करतात. लांडगा दिसताच मेंढरू पळते. हा आपला वैरी, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण "पळू की थांबू?" असा विचार करून ते निवड करीत नाही, निसर्ग त्याला पळवतो. तेव्हा मोतीला पाप लागत नाही. कुत्रा चावतो, पण तो दुष्ट नसतो.

मग तो चावतो तरी का? बहुतेक वेळा भीतीपोटी. त्याखेरीज तोंडचा घास जाईल म्हणून, पिल्लांना धोका वाटतो म्हणून, आपली हद्द राखायची म्हणून, किंवा अंगात कुठेतरी दुखते म्हणून. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचे झाल्यापासून बारा-चौदा आठवड्यांचे होईपर्यंत जे पाहते, ते त्याला पुढे ओळखीचे वाटते. त्या काळात ज्याने फक्त एक खुंटा आणि एक भिंत पाहिली, त्याला धावत येणारे मूल हे संकटच वाटणार. त्यातही साखळीचा कुत्रा अधिक धोक्याचा, कारण घाबरलेला जीव पहिल्यांदा पळू पाहतो. पळण्याची वाट आपण बंद केली की त्याच्याकडे दातांखेरीज काही उरत नाही.

दात लावण्यापूर्वी कुत्रा बहुधा बरेच काही सांगून पाहतो. तो तोंड फिरवतो, जीभ ओठांवरून फिरवतो, झोप आलेली नसताना जांभई देतो. मग त्याचे अंग ताठ होते, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो. नंतर तो गुरगुरतो. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच, की मला भीती वाटते, तू लांब हो. शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूष आहे, असेही नेहमी नसते. ताठ अंगाने हलणारी शेपूट हीसुद्धा एक सूचना असते.

आता एक गोष्ट कबूल करावयाची आहे. दोन वर्षांपूर्वी घरे आशीर्वादित करीत फिरताना आम्ही मोतीच्या घरी गेलो होतो. मागच्या पडवीत तो आखूड साखळीला बांधलेला होता. मालक मोठ्या अभिमानाने म्हणाले, "फादर, आधी कोणी आलं की गुरगुरायचा. काठीने असा सरळ केला की आता आवाजसुद्धा काढत नाही." आम्ही हसलो आणि म्हणालो, "शहाणा झाला की!" पवित्र पाणी शिंपडले, सरबत घेतले आणि पुढच्या घरी गेलो.

तो शहाणा झाला नव्हता, तो मुका झाला होता. त्याची भीती होती तिथेच राहिली होती, काठीने फक्त तिचा आवाज बंद केला होता. गुरगुरण्यासाठी मार खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी न गुरगुरता चावतो, हे कुत्र्यांचे जाणकार आवर्जून सांगतात. त्या मुलाने चेंडूकडे हात नेला तेव्हा त्याला सावध करणारा आवाज आला नाही. तो आवाज आम्हा मोठ्या माणसांनीच बंद केला होता.

"कुत्र्याला धाक हवा, नाहीतर तो डोक्यावर बसतो," असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. या समजुतीला एकेकाळी शास्त्राचाही आधार मिळाला होता. १९४७ साली रुडोल्फ शेंकेल या अभ्यासकाने स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांवर लेखन केले. तेथे एकत्र कोंडलेले लांडगे वरचढ होण्यासाठी झगडत असत. १९७० साली डेव्हिड मेक यांच्या ग्रंथामुळे 'कळपाचा म्होरक्या' ही कल्पना जगभर पसरली. मात्र याच मेक यांनी पुढे मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षे पाहिले आणि १९९९ साली आपलेच मत दुरुस्त केले. रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले, असे एक कुटुंबच असते. तेथे म्होरकेपण झगडून मिळवावे लागत नाही. आपले जुने म्हणणे चुकले हे जाहीरपणे सांगणाऱ्या त्या अभ्यासकाकडून आपणही धडा घ्यावा.

कुत्र्याला पाप नाही, मग दोष कोणाचा? निर्गमच्या पुस्तकातील एकविसाव्या अध्यायात शिंगे मारणाऱ्या बैलाविषयी नियम आहे. बैलाने माणसाला मारले आणि तो तसा असल्याचे आधी ठाऊक नव्हते, तर धनी निर्दोष ठरतो. पण बैलाची खोड जुनी आहे, धन्याला सांगून झाले आहे, आणि तरीही त्याने त्याला आवरले नाही, तर दोष धन्यावर येतो. देवाचे वचन येथे बैलाच्या मनात काय होते हे विचारीत नाही. ते धन्याला विचारते, तुला ठाऊक होते का? ठाऊक असून तू काय केलेस? आपल्या देशाचा कायदाही हेच विचारतो. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९१व्या कलमानुसार, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणे हा गुन्हा आहे.

त्याच नियमात आणखी एक गोष्ट आहे, ती प्राणिप्रेमींनी नजरेआड करू नये. धनी निर्दोष असो वा दोषी, तो बैल पुन्हा मोकळा सोडला जात नाही. जनावराला पाप नाही म्हणून त्याला आवर घालायचा नाही, असे होत नाही. मुलाचा जीव आधी. मोतीवर दया दाखवायची आणि मुलाला घाबरत जगू द्यायचे, ही दया नव्हे.

मग मोतीला मारावे का? कॅथलिक ख्रिस्तसभेचा कॅटेकिझम (२४१६ ते २४१८) सांगतो की, प्राणी ही देवाची निर्मिती आहे आणि आपण त्यांच्याशी दयेने वागले पाहिजे. त्यांना विनाकारण यातना देणे किंवा ठार करणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. येथे 'विनाकारण' हा शब्द महत्त्वाचा. सर्व उपाय करूनही कुत्रा सुरक्षित होणार नाही असे पशुवैद्यांचे मत पडले, तर त्याला वेदनेविना निरोप देणे हे पाप नाही. परंतु उपाय न करताच, राग शमावा म्हणून मारणे हा सूड आहे. आणि गोणीत घालून दूरच्या बाजारात सोडून येणे हे तर दोन्हीहून वाईट. त्यात आपण आपले संकट दुसऱ्याच्या मुलाच्या वाटेवर नेऊन ठेवतो. कृपया असे कोणी करू नका.

उपाय साधे आहेत. कुत्र्याचा स्वभाव अचानक बिघडला तर आधी पशुवैद्यांना दाखवा. दुखणेही चावायला लावते. दरवर्षी रेबीजची लस द्या, नसबंदी करून घ्या. आखूड साखळीऐवजी जाळीचा आडोसा करा, रोज फिरवून आणा. पाहुणे येणार असतील तेव्हा त्याला वेगळ्या खोलीत ठेवा. तो गुरगुरला तर मारू नका. मुलांना लांब करा आणि तो कशाला घाबरला हे शोधा. चावण्याची खोड असेल तर बाहेर नेताना जाळीदार मुसके बांधा आणि शेजाऱ्यांना स्पष्ट सांगा. यात कमीपणा नाही.

मुलांनाही शिकवा. जेवणाऱ्या, झोपलेल्या वा पिल्ले असलेल्या कुत्र्याजवळ जायचे नाही. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळायचे नाही, त्याच्या डोळ्यांत पाहायचे नाही. हात अंगाशी धरून झाडासारखे स्तब्ध उभे राहायचे. चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट, तेल काहीही लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि डॉक्टर सांगतील तितकी सर्व इंजेक्शने पुरी करा. खोल जखमेत वेगळे सीरमही द्यावे लागते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

ज्यांना धनी नाही अशा रस्त्यावरील कुत्र्यांचे काय? २०२३च्या नियमांनुसार त्यांची नसबंदी व लसीकरण करून त्यांना त्यांच्याच भागात परत सोडावयाचे असते. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसराविषयीचा आपला आधीचा आदेश बदलताना, रेबीज झालेले किंवा आक्रमक कुत्रे मात्र परत सोडू नयेत असे सांगितले. कायदा आपले काम करील. आपण एवढे विचारावे, की उरलेले अन्न रस्त्यावर फेकून कुत्री जमविणारे आपण, त्यांच्या नसबंदीसाठी एक अर्ज तरी केला का?

असिसीच्या संत फ्रान्सिसांची गुब्बियो गावची कथा आपण लहानपणी ऐकली आहे. सारे गाव लांडग्याच्या भीतीने दारे लावून बसले होते. संतांनी ओळखले की तो भुकेपोटी हल्ले करतो. त्यांनी करार घडवून आणला: गावाने त्याला खाऊ घालायचे, त्याने कोणाला इजा करायची नाही. त्यांनी लांडग्याची बाजू घेतली नाही आणि गावाचीही घेतली नाही. दोघांवरही जबाबदारी टाकली.

गेल्या आठवड्यात आम्ही त्या दोन्ही घरी गेलो. मुलाच्या वडिलांना सांगितले, की आम्ही ती साखळी पाहिली होती, काठीची गोष्ट ऐकली होती, आणि हसून निघून गेलो होतो. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "फादर, तेव्हा एक शब्द बोलला असतात तर..." त्यांनी वाक्य पुरे केले नाही, आणि आमच्याकडे उत्तर नव्हते. क्षमा मागितली. शेजारच्या घरी मालकांनी मोतीला पशुवैद्यांकडे नेले होते. त्याच्या कानात जुनी चिघळलेली जखम निघाली. पडवीत आता जाळी बसविली आहे, साखळी काढली आहे. दोन्ही घरे अजून बोलू लागलेली नाहीत. मुलगाही अजून त्या फाटकासमोरून जाताना रस्त्याच्या दुसऱ्या कडेने जातो. यासाठी वेळ लागेल. कृपया त्यांच्यासाठी प्रार्थना करा.

त्या मुलीला आम्ही रविवारी सांगितले, "मोतीने पाप केले नाही. ठाऊक असून गप्प बसलेल्या मोठ्या माणसांकडून चूक झाली, आणि त्यात तुझे फादरही होते." तिने क्षणभर विचार केला आणि विचारले, "मग फादर, तुम्ही कन्फेशन केलंत?"

होय, केले. आता आपल्यापैकी ज्यांच्या पडवीत आखूड साखळी आहे, त्यांनी आज मिस्सानंतर घरी जाऊन ती एकदा पाहावी. आणि ज्यांनी ती शेजारच्या पडवीत पाहिली आहे, त्यांनी आमच्यासारखे गप्प राहू नये.

आपले स्नेहांकित,
धर्मगुरू