टेबलाखालचा डबा

सांगलीतल्या एका घरात दिवाळीचा बोनस आला आणि त्याच्या पाठोपाठ भांडण आलं. गेम खेळायला काहीतरी घ्यायचं, इथवर बहीणभावाचं एकमत होतं. पण दादाला हवा होता कॉम्प्युटर आणि धाकटीला कन्सोल.

"कन्सोल घेताना स्वस्त वाटतो," दादा म्हणाला, "पण नवा मोठा गेम चार-पाच हजारांना पडतो. ऑनलाइन खेळायला बहुतेक गेमना वर्गणी वेगळी. कॉम्प्युटरवर सेलमध्ये जुने गेम काहीशे रुपयांत मिळतात."

धाकटीही तयारीत होती. "आणि ग्राफिक्स कार्ड जुनं झालं की? एका मॉडेलच्या प्रत्येक कन्सोलच्या आत तेच भाग असतात. गेम बनवणारे त्याच्या मापाने बनवतात, म्हणून एकच यंत्र सहा-सात वर्षं चालतं. खेळून झालेली डिस्क विकताही येते."

दोघांचंही खरं होतं, म्हणूनच भांडण मिटत नव्हतं. शेवटी बाबा ५५,००० रुपये आणि दोन्ही मुलं घेऊन कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले.

काकांनी आधी धाकटीला विचारलं, "तुला काय खेळायचंय? कुणाबरोबर?"

"'इट टेक्स टू'. तो एकट्याने खेळताच येत नाही, दोघं लागतात. मला दादाबरोबर खेळायचंय. कॉम्प्युटर आला की तो खोलीत बसणार आणि मी त्याच्या खुर्चीमागे उभी राहणार."

दादा तिच्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "मला ब्लेंडर सॉफ्टवेअर शिकायचंय, गेममधली पात्रं बनवायला. ते कन्सोलवर होत नाही."

"घरी सध्या काय आहे?"

"टेबलाखाली एक जुना डबा आहे. त्यावर गेम चालत नाहीत."

"तो घेऊन या."

काकांनी सीपीयू उघडला, ब्लोअरने धूळ उडवली. प्रोसेसर चांगला होता, पण ग्राफिक्स कार्डच नव्हतं. त्यांनी मधल्या किमतीचं कार्ड बसवलं. जुन्या एसएमपीएसला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या भागाला, त्याचा भार झेपला नसता, म्हणून तोही बदलला. रॅम वाढवली. वर दोन कंट्रोलर आणि एचडीएमआय केबल दिली.

"हॉलमधल्या टीव्हीला लावा. कंट्रोलर कॉम्प्युटरलाही चालतो."

एवढं होऊनही बोनसमधले पैसे उरले. त्या रात्री दोघं सोफ्यावर शेजारी बसून खेळली. सकाळी त्याच टीव्हीवर दादाने ब्लेंडर उघडलं.

हे पाहून वरच्या मजल्यावरचे शेजारी काकांकडे आले. "आम्हालाही तसाच कॉम्प्युटर जुळवून द्या."

काकांनी त्यांनाही तेच प्रश्न विचारले. त्यांच्या घरात कॉम्प्युटर नव्हता. खेळणार होते रविवारी बापलेक, तेही फुटबॉल. सेटिंगमध्ये डोकं घालायला कुणाला वेळ नव्हता.

"मग तुम्ही कन्सोल घ्या," काका म्हणाले. त्यांच्या दुकानात कन्सोल मिळत नव्हता, तरीही.

तात्पर्य: दोन यंत्रांत श्रेष्ठ कोणतं, हे विचारण्याआधी घरातल्या माणसांना काय हवंय ते विचारावं आणि घरात आधीपासून काय आहे ते उघडून पाहावं.