खेळातला चीन आणि आमची तारोडी

गेल्या पावसाळ्यात भाईंदरला एका मित्राच्या घरी आम्ही ‘एम्पायर: टोटल वॉर’ खेळत बसलो होतो. २००९ चा जुना गेम, पण त्यात मराठ्यांकडून खेळता येतं, म्हणून आमचा लाडका. त्या नकाशावर गोवा पोर्तुगीजांकडे असतो. मित्राने तो घेतला, खुर्चीतून उठला आणि मला टाळी देत म्हणाला, “बघ, तुमच्या पोर्तुगीजांना हाकललं!”

मी हसलो, टाळीही दिली. पण बसने परत येताना ते ‘तुमच्या’ डोक्यातून जाईना.

मी तारोडीचा. भाईंदर स्टेशनवरून उत्तनकडे निघालात की डोंगरीच्या आसपास आमचं गाव येतं. आम्ही ईस्ट इंडियन ख्रिस्ती. आडनाव पोर्तुगीज वळणाचं, घरातली बोली मराठीची. १५३४ साली वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेने ती जिंकली. आमच्या शेजारच्या चौकच्या धारावी किल्ल्यावरही त्या मोहिमेत लढाई झाली. १७७४ ला साष्टी इंग्रजांनी घेतली. झेंडे बदलत गेले. शेत, मिठागर आणि मासळीवर जगणारी माणसं तिथेच राहिली.

मग गेमने आम्हाला कोणत्या रंगात दाखवायचं? आणि मुळात गेमकडून अशी अपेक्षा करणं बरोबर आहे का?

हा प्रश्न आपल्या एकट्याचा नाही. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ मध्ये १९९९ पासून ‘चिनी’ नावाची एकच संस्कृती होती. खरा चीन हुआई नदी आणि चिनलिंग डोंगरांच्या रेषेवर ढोबळ मानाने दोन भागांत पडतो. उत्तरेला गहू आणि बाजरीसारखी धान्यं, दक्षिणेला भात. उत्तरेला घोडा, दक्षिणेला होडी. दक्षिणेतल्या कँटोनी किंवा होक्किएन बोलणाऱ्या माणसाला बीजिंगची भाषा शिकल्याशिवाय कळत नाही. गेममधले चिनी सैनिक मात्र मँडरिन बोलतात, आणि ती उत्तरेच्या बोलींवर उभी राहिलेली भाषा आहे.

“खेळच आहे रे, सोपं करावंच लागतं,” हे म्हणणं मला पटतं. नकाशा गावाएवढा मोठा काढता येत नाही. पण सगळ्यांना एका डब्यात भरलं की त्या डब्याला कुणाचा तरी आवाज द्यावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा त्यातल्या सर्वांत मोठ्या गटाचा असतो. ‘सगळ्यांसाठी एक’ हे वरून निःपक्षपाती दिसतं, पण तसं ते नसतं.

मग डबे वाढवले की झालं? २०२५ मध्ये याच गेमने ‘थ्री किंग्डम्स’ आणलं. त्यात वेई, शू आणि वू आले. वेई उत्तरेचं राज्य, वू यांगत्झेच्या खालच्या खोऱ्यातलं, शू सिचुआनकडचं. म्हणजे उत्तर-दक्षिण आली की! तरी बरेच खेळाडू भडकले. ही तिसऱ्या शतकातली जेमतेम साठ वर्षं टिकलेली राज्यं. हजारेक वर्षांच्या पटावर जिथे बाकीचे लोकसमूह उभे आहेत, तिथे ही राजांची नावं कशी बसणार?

मला त्यांचा राग तारोडीवरून समजतो. झेंड्यावरून माणसं मोजली तर १५३४ ते १७७४ या २४० वर्षांत आमचं एकच घराणं तीन वेगळ्या ‘संस्कृतीं’चं ठरेल. पोर्तुगीज, मराठा, इंग्रज. चूल मात्र तीच.

बरं, राजे सोडून भाषा आणि अन्न घेतलं तर? तिथेही रेषा सरळ राहत नाही. ११२७ मध्ये उत्तरेतलं खाइफंग पडलं, तेव्हा सोंग दरबार दक्षिणेला गेला आणि पुढे हांगचौमध्ये स्थिरावला. त्याच्यामागून उत्तरेची असंख्य माणसंही गेली. दक्षिण चीनमध्ये हाक्का नावाचे लोक आहेत. या नावाचा अर्थच ‘पाहुणे’. त्यांचे पूर्वज शतकानुशतकं उत्तरेकडून येत राहिले. दोनच डबे असतील तर हाक्का कुठे जातील? आणि किती पिढ्यांनंतर पाहुणा घरचा होतो?

आपल्याकडे २०२२ मध्ये ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ आलं. त्याआधी सगळा देश ‘इंडियन्स’ या एका डब्यात होता. त्याचे हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर असे चार झाले. मी खूश झालो. मग देवगिरीच्या यादवांना शोधायला लागलो. काळ अगदी बरोबर बसतो, १२९६ ला अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला ती गोष्ट. पण त्यांना बसवायचं कुठे? गुर्जरांत बसत नाहीत, द्रविडांत अर्धेमुर्धे बसतात. तेव्हा मीही भडकलो होतो, ‘आपली’ संस्कृती का नाही म्हणून.

त्या दिवशी बसमध्ये मला या ‘आपली’चीच अडचण झाली. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे आहेत. ‘आपण’मध्ये ऐकणारा येतो, ‘आम्ही’मध्ये येत नाही. हिंदीत दोन्हींना ‘हम’ म्हणून भागतं. तमिळमध्ये हा फरक आहे, बीजिंगच्या बोलीतही आहे. यादवांसाठी भांडताना मी ‘आपण’ म्हणत होतो. गोवा घेतल्यावर मित्राने मला त्या ‘आपण’मधून हळूच बाहेर ठेवलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं.

इथे थांबलो असतो तर हा लेख तक्रारीचा झाला असता. पण थोड्या दिवसांनी मी मोबाइलला स्क्रीनगार्ड लावायला नाक्यावर गेलो. त्या दुकानदाराला आम्ही कित्येक वर्षं ‘यूपीवाला’ म्हणतो. तो फोनवर बोलत होता आणि ती हिंदी नव्हती. मी विचारलं, “कौनसी भाषा है ये?”

“मैथिली. हम दरभंगा के हैं. यूपी नहीं, बिहार,” तो म्हणाला आणि काच पुसत राहिला.

मैथिली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली स्वतंत्र भाषा आहे हे मला माहीत होतं. तरी मी त्याला एवढी वर्षं एका डब्यात टाकून ठेवलं होतं. हजारो किलोमीटर दूरच्या हुआई नदीची रेषा मला हवी होती, नाक्यावरच्या माणसाची नको होती.

म्हणून मला वाटतं, डबे किती असावेत हा खरा प्रश्न नाही. आपला डबा हवा तेवढा बारीक आणि दुसऱ्याचा चालेल तेवढा जाड, हा आपला हिशेब असतो, आणि चूक तिथे आहे. ‘ईस्ट इंडियन’ हे नावच घ्या. राहतो पश्चिम किनाऱ्यावर आणि म्हणवतो पूर्वेचे! १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मुंबईत ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली. गोव्याच्या आणि मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांपासून वेगळं ओळखलं जावं म्हणून हे नाव घेतलं. भूगोल चुकला, पण ते आमच्या माणसांनी स्वतः निवडलं, म्हणून चालतं. डबा ढोबळ असला तरी एक वेळ सहन होतो. त्यातल्या माणसाने “असं नाही, असं आहे” म्हटल्यावर तो बदलायची तयारी मात्र हवी. गेम बनवणाऱ्यांकडून मी एवढंच मागेन, आणि स्वतःकडूनही.

पुढच्या वेळी मी मित्राला सांगितलं, “पोर्तुगीज माझे जेवढे, तेवढे तुझेही. बटाटा, चावी, पगार, सगळे त्यांचेच शब्द.” तो हसला. मग गेम थांबवून म्हणाला, “पण खरंच, चिमाजी अप्पा आले तेव्हा तुमच्या घरचे काय करत होते?”

मला सांगता आलं नाही. पण त्याने पहिल्यांदाच मला सांगण्याऐवजी विचारलं होतं. मी म्हटलं, आजीला विचारून बघतो.