वेळापत्रकात न लिहिलेलं

स्वारगेट, पुणे

चि. नातीस,


हिंजवडीच्या नव्या नोकरीत कंपनीतलं सगळं ज्ञान गोळा करून यंत्राला शिकवायचं काम तुला दिलंय, असं कळवलंस. आणि शेवटच्या ओळीत विचारलंस, मग माणसांचं काय? मी काही व्यवस्थापनशास्त्र शिकलेलो नाही. एसटीच्या वाहतूक शाखेत नोकरी केली, तीही बरीचशी या स्वारगेटला. तेव्हा उत्तर तिथूनच देतो.

एसटीची मालमत्ता म्हटली की लोक गाड्या मोजतात आणि स्थानकांच्या जागा मोजतात. स्वारगेटच्या जागेवर तर सगळ्यांचाच डोळा. 29 सप्टेंबर 2024 ला इथवर भुयारी मेट्रो आली आणि त्या जागेचं मोल आणखी वाढलं. पण 1 जून 1948 ला पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून एसटीनं जे सगळ्यांत मोलाचं जमवलं, ते कुठल्याच ताळेबंदात नाही.

आषाढीचंच घे. 2024 च्या वारीला सुमारे 5000 जादा गाड्या सोडल्या होत्या. पंढरपुरात चंद्रभागा, भीमा, विठ्ठल, पांडुरंग अशी वेगवेगळी यात्रा स्थानकं असतात आणि कुठल्या विभागाची गाडी कुठे लागायची ते ठरलेलं असतं. हे झालं कागदावरचं. कागदावर नसतं ते असं, की निदान कळसाचं दर्शन झालं की एकटादुकटा माणूस एकादशीच्याच संध्याकाळी परत फिरतो. बायाबापड्यांचे जथे द्वादशीचं पारणं करून निघतात. पालखीबरोबर चालत आलेल्यांतले कित्येक पौर्णिमेच्या काल्यापर्यंत हलत नाहीत. पाऊस लागला तर पहिले दोन लोंढे एकदमच अंगावर येतात. जुना वाहतूक नियंत्रक रांगेकडे आणि लोकांच्या हातातल्या बोचक्यांकडे नुसता बघतो आणि म्हणतो, अजून दहा गाड्या मागवा. कारण विचारलंस तर धड सांगता यायचं नाही. काहीतरी ठोकून देईल, पण गाड्यांचा आकडा बरोबर निघेल.

खेड्यातल्या मुक्कामी गाडीचंही तेच. सकाळी सहाऐवजी ती पावणेसहाला का सुटते, हे वेळापत्रक सांगत नाही. समज, पुढच्या फाट्यावर कॉलेजच्या पोरींना तालुक्याची गाडी मिळावी म्हणून कुणा आगार व्यवस्थापकानं कधीकाळी ती वेळ बांधून दिली. तो निवृत्त झाला. आता पडद्यावर त्या फेरीचं भारमान, म्हणजे भरलेल्या जागांचं प्रमाण, कमी दिसणार आणि यंत्र म्हणणार, फेरी बंद करा. यंत्राला दोष देऊ नकोस. त्याला वेळ दिली होती, वेळेमागचं कारण कुणी दिलंच नव्हतं. म्हणून माणसांपुढे वही घेऊन बसशील तेव्हा ‘काय करता’ एवढ्यावर थांबू नकोस. असं का करता, आणि कुठल्या दिवशी मुद्दाम करत नाही, तेही विचार. खरा माल त्या दुसऱ्या उत्तरात असतो.

ही रड आपल्याकडचीच नाही. स्वीडनमधल्या स्कांडिया या विमा कंपनीत लिफ एडविन्सन यांनी 1990 च्या दशकात असल्या बौद्धिक भांडवलाचा हिशेब वार्षिक अहवालाला जोडून छापायला सुरुवात केली. जगभर कौतुक झालं. तरी 2006 मध्ये ती कंपनी ओल्ड म्युच्युअल या दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली. हिशेब छापल्यानं भांडवल राखलं जातंच असं नाही.

राखायची रीत दापोडीला बघायला मिळायची. तिथल्या मध्यवर्ती कार्यशाळेत एसटी आपल्या गाड्या स्वतः बांधत आली, आधी अ‍ॅल्युमिनियमच्या, मग पोलादी. आयटीआय करून आलेला शिकाऊ पोरगा जुन्या कारागिराशेजारी उभा राहायचा. पत्रा आधी कुठे फाटतो, घाटात कुठला सांधा वाजायला लागतो, हे बघता बघता त्याच्या हातात उतरायचं. आता तयार गाड्या घेण्याकडे कल आहे. 2024 मध्ये अशोक लेलँडकडे दोन हजारांवर गाड्यांची मागणी गेली. प्रवाशाला नवी गाडी मिळायलाच हवी, त्याबद्दल तक्रार नाही. पण कारागिराशेजारचा तो पोरगा नाहीसा झाला, तर पुढे कंपनीकडे नेमकं काय मागायचं हेसुद्धा आपल्याला कळायचं नाही. भाड्याच्या गाड्या घ्या, कंत्राटी माणसं घ्या, बचत दिसते खरी. त्यात हा शेजार तुटतो, तो कुणी मोजत नाही.

आणि ज्याच्या डोक्यातलं तू काढून घेणार, त्याला काय मिळणार? पंचवीस वर्षांचं शहाणपण त्यानं मोकळ्या मनानं सांगितलं आणि त्याच यंत्राच्या जोरावर पुढच्या महिन्यात त्याची जागा कापली, तर त्याच्या मागचा माणूस तोंड मिटून बसेल. बसावंच त्यानं.

तुझ्या साहेबांना माझ्यातर्फे एक सुचव. निवृत्त होणाऱ्याच्या जागी नवा माणूस घ्यायचा तो सहा महिने आधी घ्या आणि दोघांना एकाच टेबलाशी बसवा. त्या सहा महिन्यांचा दुहेरी पगार यंत्राच्या अंदाजपत्रकातच धरा. त्याला ते नाही म्हणाले, तर मला कळव.

तुझे आजोबा