टोपलीतले पूर्वज आणि वरचा राखणदार



आजचं चिंतन गीतेच्या नवव्या अध्यायातल्या २३ ते २५ या श्लोकांवर. पंचविसाव्या श्लोकाचा अर्थ आपल्याला माहीत आहे: देवांची उपासना करणारे देवांकडे जातात, पितरांची करणारे पितरांकडे, भूतांची करणारे भूतांकडे आणि माझी करणारे माझ्याकडे. हा श्लोक मी कितीतरी वर्षं शिडीसारखा वाचला. सगळ्यात वरच्या पायरीवर आपण, बाकीचे खाली. खरं सांगते, त्यात थोडा माजही होता.

तो माज गेल्या आठवड्यात जरा उतरला, आणि तोही एका फोटोमुळे. आफ्रिकेतल्या गॅबॉन देशाच्या पूर्व भागात आणि लगतच्या काँगोत कोटा लोक राहतात. त्यांच्याकडच्या जुन्या मूर्तीचा तो फोटो होता. लाकडावर तांब्या-पितळेचे पत्रे आणि तारा बसवलेल्या. चेहरा पानासारखा, डोक्यावर चंद्रकोरीसारखा आकार, मोठे डोळे. मानेखाली मात्र शरीरच नाही! ना हात, ना पोट, नुसती शंकरपाळ्याच्या आकाराची पोकळ चौकट. पहिल्यांदा वाटलं, मूर्ती अर्धवट राहिली की काय.

अर्धवट नव्हती. ती चौकट एका टोपलीत खोचून घट्ट बांधलेली असायची आणि टोपलीत कुळातल्या थोर पूर्वजांच्या अस्थी असायच्या, विशेषतः कवट्या. वरची मूर्ती त्यांची राखणदार. म्हणजे मूर्तीचं शरीर खाली टोपलीतच होतं, असं मला वाटतं. आदर होता तो टोपलीतल्यांचा. गाव उठून दुसरीकडे गेलं की पूर्वजही बरोबर निघायचे. मोठं काम हाती घेण्याआधी त्यांना विचारायचं, त्यांना काहीतरी अर्पण करायचं.

आपल्यातल्या कुणाला हे वाचून कसंसंच होईल. आपण अस्थी नदीत सोडतो, घरात ठेवत नाही. पण त्या पत्र्याकडे जरा बघा. तांबं-पितळ म्हणजे तिथे त्या काळी संपत्ती, व्यापारातून आलेली, पैशासारखी चालणारी. ती स्वतःच्या अंगावर मिरवायची सोडून यांनी मेलेल्या माणसांच्या राखणदाराला चढवली. आणि पितळ काळं पडतं ना, म्हणून वाळूने घासून घासून ते चकचकीत ठेवायचे. कुणीतरी बसून घासल्याशिवाय ती चकाकी यायची नाही.

मग युरोपातली माणसं आली. १८८०च्या दशकात ब्राझाच्या मोहिमांमधून या मूर्ती पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयात पोचल्या. पुढे पिकासोसारख्या चित्रकारांनी त्या पाहिल्या आणि ते थक्क झाले. मिशनऱ्यांना त्यांच्यात सैतान दिसला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्या आणि सरकारी दडपणाखाली कितीतरी मूर्ती जाळल्या गेल्या किंवा टाकून दिल्या गेल्या. ज्या वाचल्या त्यांतल्या बहुतेकींची टोपली कधीच सुटली. २०१५ साली पॅरिसच्या लिलावात अशी एक मूर्ती सुमारे ५५ लाख युरोंना गेली. राखणदाराला एवढा भाव, आणि ज्यांची राखण करायची ते कुठे आहेत याची चौकशी नाही.

आता तेविसावा श्लोक. जे श्रद्धेने इतर देवतांना भजतात तेही मलाच भजतात, पण विधी सोडून, असं भगवंत म्हणतात. ‘विधी सोडून’ या दोन शब्दांवर मी अडले. वाळूने पितळ घासत बसलेल्या त्या माणसाकडे श्रद्धा होती, हे तर दिसतंच. त्याचा विधी चुकला असेल तर ते त्याने आणि भगवंतांनी बघून घ्यावं. पण मिशनऱ्याने सैतान पाहिला, संग्राहकाने आकार पाहिला आणि मी माझ्या शिडीची खालची पायरी पाहिली. आमच्या तिघांच्या पाहण्यात श्रद्धा कुठे होती? शेंदूर लावलेल्या आपल्या दगडांकडेही अशाच नजरेने बघितलं गेलंय, आणि ते आपल्याला अजून टोचतं.

संग्रहालयात आल्या म्हणून टिकल्या, असं कुणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. पावसाळी जंगलात लाकूड किती दिवस तग धरणार? शिवाय नंतर खुद्द कोटा लोकांपैकी अनेकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तो त्यांचा प्रश्न. मूर्ती टिकली याचं मला वाईट वाटत नाही. काचेआड तिला काही कामच उरलं नाही, याचं वाटतं.

हे सगळं मला एवढं लागलं त्यामागे घरचं एक कारण आहे. आजी गेल्यावर देवघरातले टाक कोण नेणार, हा विषय निघाला. त्यात पणजोबांचा एक चांदीचा टाक आहे, तळहातापेक्षा लहान. मी लगेच म्हटलं, ‘मी नेते, हॉलमध्ये फ्रेम करून काय भारी दिसेल!’ आत्या एवढंच म्हणाली, ‘आणि नैवेद्य?’ मी गप्प बसले.

टाक अजून काकांकडेच आहे. परवा आत्याला फोन करून विचारलं, चांदी कशाने घासायची गं. ती म्हणाली, ‘रांगोळीने, पण हलक्या हाताने. नाक-डोळे पुसट झालेत त्यांचे. तुझ्या आजीने साठ वर्षं घासलंय.’