उद्घाटनाची फीत आणि तपासणीची वही

९ जुलै २०२५ च्या सकाळी वडोदरा जिल्ह्यातल्या पादरा तालुक्यात महीसागर नदीवरच्या गंभीरा पुलाचा एक गाळा कोसळला. वाहनं थेट नदीत गेली, किमान वीस माणसं दगावली. तुटलेल्या कडेवर एक टँकर कित्येक दिवस लटकून होता. पूल १९८५ चा. तो धोक्याचा आहे, असं जिल्हा पंचायतीच्या एका सदस्याने २०२२ मध्येच लेखी कळवलं होतं. दुर्घटनेनंतर लगोलग चार अभियंते निलंबित झाले.

ज्या रस्ते व इमारत खात्याचा हा पूल, ते खातं गुजरातचे मुख्यमंत्री भूपेंद्र पटेल यांच्याकडे होतं. पटेल स्वतः सिव्हिल इंजिनिअरिंगचे डिप्लोमाधारक, अहमदाबादच्या सरकारी पॉलिटेक्निकचे विद्यार्थी. मेमनगर नगरपालिकेचं अध्यक्षपद, अहमदाबाद महापालिकेची स्थायी समिती, मग शहर विकास प्राधिकरण, २०१७ मध्ये आमदारकी आणि सप्टेंबर २०२१ मध्ये मुख्यमंत्रिपद. गटार आणि पाण्याच्या फायलींतून वर आलेला माणूस राज्य चालवतो, याचं मला मनापासून कौतुक आहे. म्हणूनच त्यांच्याकडून अपेक्षाही जास्त आहे.

पूल एका रात्रीत दगा देत नाही. बेअरिंग झिजतं, सांध्यांतून पाणी मुरतं, सळईला गंज चढतो, गंजलेली सळई फुगते आणि वरचं काँक्रीट फोडते. पॉलिटेक्निकच्या मुलालाही हे ठाऊक असतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये याच राज्यात मोरबीचा झुलता पूल तुटून १३५ जीव गेले. तो दुरुस्तीनंतर चारच दिवस आधी खुला झाला होता. चौकशी पथकाने मुख्य केबल पाहिली, तेव्हा तिच्या ४९ तारांपैकी २२ आधीच गंजलेल्या निघाल्या. म्हणजे पूल रंगवला, सजवला, पण केबल उघडून कुणी पाहिली नाही. एवढा धडा मिळूनही गंभीरा पडावा, याची चीड येते. गंभीरा पडल्यावर राज्यभर पुलांची तपासणी झाली, अनेक पूल बंद केले गेले. ते आधीच का नाही बंद झाले?

खालच्या अभियंत्यांना निलंबित करणं सोपं आहे, गरजेचंही असेल. पण दुरुस्तीचा पैसा कुठे वळवायचा हे ते ठरवत नाहीत. ते मंत्री ठरवतो, आणि मंत्र्याला आपण घडवतो. नव्या पुलाची फीत कापणाऱ्याला आपण हार घालतो. जुन्या पुलाचं बेअरिंग बदलणाऱ्याचं नावही विचारत नाही. बडोदेकरांना तर हे सांगायलाही नको. महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या काळातल्या आजवा तलावाचं पाणी हे शहर आजही पितं, आणि १८९० मध्ये इथे कलाभवन निघालं ते तांत्रिक शिक्षण सामान्य घरांपर्यंत पोचावं म्हणून. अशा शहराने पुढाऱ्याच्या पदविकेवर समाधान मानू नये.

मागणी साधी आहे. प्रत्येक पुलाच्या दोन्ही टोकांना आणि लगतच्या ग्रामपंचायतीत गुजरातीत फलक लागावा: शेवटची तपासणी कधी झाली, कुणी केली, काय दोष निघाला, दुरुस्ती कधीपर्यंत आणि किती पैशांत. मुदत टळली, तर त्या खात्याच्या मंत्र्याने विधानसभेत उभं राहून कारण सांगावं. पुढच्या निवडणुकीत दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराकडे, मग तो इंजिनिअर असो वा नसो, आपल्या तालुक्यातल्या पुलांची ही माहिती मागूया.